अंबिकाला न चालणारी औषधं

अंबिकाला बघायला देवणीकडची मंडळी उमरीला आली. चहाचे कप अजून हातातच होते, तेवढ्यात तिचे वडील चन्नबसप्पा म्हणाले, "एक गोष्ट आधीच कानावर घालतो. आमच्या पोरीला पेनिसिलिन चालत न्हाई. मागून फसवलं म्हणू नका."

पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. पोरगी किती शिकली, स्वयंपाक काय काय येतो, असलं विचारायच्या तयारीनं आलेली ती माणसं. मुलाची आई नागम्मा हसून म्हणाली, "आमच्याकडं कोण सारखं सुया टोचून घेतंय? दुधातुपाचं घर हाय आमचं."

मुलगा मात्र हसला नाही. महांतेश त्याचं नाव. त्यानं मान वर करून विचारलं, "चालत न्हाई म्हणजे नेमकं काय होतं?"

असं विचारणारा तो पहिलाच. चन्नबसप्पा खुर्ची पुढं ओढून बसले आणि सगळं सांगत सुटले. अंबिका तिसरीत असताना तिचा घसा सुजला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दवाखान्यापासून त्यांचं भुसाराचं दुकान चार घरं सोडून, पण पोरगी दुकानाच्या पायरीपर्यंत आली आणि "अप्पा, तळहाताला खाजतंय" म्हणत खाली बसली. बघता बघता तोंड एवढं सुजलं की डोळे दिसेनात. छातीत घरघर लागली. चन्नबसप्पांनी गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं, पोरीला खांद्यावर टाकलं आणि अनवाणीच धावत परत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन देऊन तिला माघारी आणलं. तेव्हापासून ते दिसेल त्याला हे सांगत आले होते. शाळेतल्या बाईंना, सहलीच्या गाडीच्या ड्रायव्हरला, आणि आता ह्या पाहुण्यांना.

आतल्या खोलीत अंबिकाला लाजेनं मान वर करवत नव्हती. ह्याच गोष्टीपायी आधीचं एक स्थळ परत गेलं होतं. निघताना महांतेश दारात चपला घालत चन्नबसप्पांना म्हणाला, "पेनिसिलिन. ध्यानात ठेवतो." एवढंच. पण ते नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि तिचं मन तिथंच ठरलं.

लग्न होऊन ती सावरनाळला आली. देवणीपासून आत, ओढ्याकाठचं गाव. भिंतीला भिंत लागलेली भाऊबंदांची घरं, सदा कोणी ना कोणी येतंय-जातंय. नवराबायकोनं ओसरीवर बोलत बसायची तिथं रीत नव्हती. ताट वाढतानासुद्धा सासूच्या देखत दोन शब्द. म्हणून अंबिकाला शेत आवडायला लागलं. उमरीत तिनं कापसाच्या गाड्या बघितल्या होत्या, कापूस कधी वेचला नव्हता. इथं ती पहिल्या वर्षी तूर आणि तण ओळखायला शिकली, दुसऱ्या वर्षी धार काढायला. घरची देवणी जातीची गाय तिच्या हाताला लवकर रुळली.

पण खरं शेत तिच्या लेखी बांधावर होतं. ओढ्याच्या अंगाचा बांध चांगला रुंद, त्यावर बोरी, तरवड, कंबरेएवढं गवत, आणि पिढ्यान् पिढ्या रानातून वेचून टाकलेल्या दगडांचा एक मोठा ढीग. दुपारी त्या ढिगाच्या सावलीला दोघं भाकरी खायची. तिथं महांतेश वेगळाच माणूस व्हायचा. घरात मुका, इथं बोलका. लहानपणी ओढ्यात कसा बुडता बुडता वाचला, शाळा का सुटली, रात्री पिकाच्या पाण्यावर असताना एकट्याला भीती कशी वाटते, हे सगळं त्यानं तिला त्या दगडांपाशी सांगितलं. ती त्याला उमरीच्या गमती सांगायची. बोलण्याच्या नादात भाकरी वाळून जायची. घरी परतायची वेळ झाली की ती उगीच एखादा भारा आणखी बांधत राहायची.

अक्षरा झाली तेव्हा बाळंतपणानंतर ताप आला. कुणीतरी गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी अंबिकाच्या ओठांवर, तळहातांवर फोड आले. त्या गोळ्या सल्फाच्या होत्या, हे नंतर कळलं. महांतेश तिच्या ओठांना लोणी लावत बसायचा आणि म्हणायचा, "पेनिसिलिन, सल्फा. पेनिसिलिन, सल्फा." जणू पाढा पाठ करतोय. नागम्मा कुरकुरायची, "माझ्या सुनंला औषधंबी निवडून लागत्यात." पण तीही गावात सगळ्यांना सांगून आली होती.

अक्षरा तिसरीत गेली त्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. अंबिका बांधावर गाईसाठी गवत कापत होती. कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज तिनं ऐकला. रानात कुकर कुठला, हे मनात येईपर्यंत पायाला चटका बसला होता. घोणस. गवतातून सरकत ती दगडांच्या ढिगात गेली, ते अंबिकानं डोळ्यांनी बघितलं.

महांतेशनं मोटारसायकल काढली. शेजारच्या रानातला सटवाजी तिला धरून मागं बसला आणि तिघं उदगीरच्या दवाखान्यात पोचले. तोवर पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस चढवायला घेतली. महांतेशनं दोन्ही नावं सांगितली, पेनिसिलिन आणि सल्फा. डॉक्टर म्हणाले, "हे वेगळं आहे."

बाटली थोडीशी गेली असेल नसेल. अंबिका म्हणाली, "अहो, तळहाताला खाजतंय."

महांतेशला चन्नबसप्पांची दुकानाची पायरी आठवली. तो ओरडला. तिच्या अंगावर गांधी उठत होत्या, ओठ निळे पडत होते, आणि ती हवेसाठी तोंड उघडत होती पण हवा आत जात नव्हती. डॉक्टरांनी लस थांबवली, मांडीत दुसरं इंजेक्शन दिलं, तोंडावर ऑक्सिजन बसवला. कुणीतरी महांतेशला दंडाला धरून बाहेर काढलं. दाराला लावलेल्या काचेतून त्यानं जे बघितलं, ते तो पुढं कधीच कुणाशी बोलला नाही.

त्या संध्याकाळी तिला लातूरला हलवलं. आठवडाभर ती तिथं होती. मूत्रपिंडं वाचली, पायही वाचला, घोट्यापाशी फक्त काळा वण राहिला. सोडायच्या दिवशी मोठे डॉक्टर फेरीवर आले. ते महांतेशला उभ्या उभ्या म्हणाले, "हिच्या अंगाला ही लस मानवत नाही. पुन्हा साप चावला तर अवघड आहे. जपा." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सावरनाळला पोचेपर्यंत महांतेशच्या डोक्यात त्या वाक्याचं वेगळंच झालं होतं. पारावर लोकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पुन्हा डसला तर हिला औषधच न्हाई."

अंबिकाचा पाय बरा झाला. ती डोक्याला फडकं बांधून शेताकडे निघाली, तर तो दारात आडवा उभा राहिला.

"रानात यायचं न्हाई."

"किती दिस?"

"आता न्हाईच."

ती हसली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. पण गावातसुद्धा साप निघतातच. एकदा न्हाणीत धामण निघाली आणि महांतेश दोन दिवस जेवला नाही. दिवाळीनंतर त्यानं उदगीरला किल्ल्याच्या रस्त्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अक्षराच्या शाळेसाठी, असं गावात सांगितलं. नागम्मा त्याच्याजवळ सावरनाळला राहिली. मायलेकी उदगीरला.

महांतेश रविवारी यायचा. ज्वारी, दूध, वांगी, शेंगा घेऊन. अंबिका पोत्याचं तोंड सोडून आधी वास घ्यायची. मग विचारत सुटायची. तुरीला फूल लागलं का? ओढ्याला पाणी किती हाय? गाय कुणाला धार काढू देती? सुरुवातीला तो सगळं सांगायचा. पुढं पुढं आखडतं घ्यायला लागला. "हाय बरं." "चाललंय." आपण जेवढं सांगतो तेवढी ही जास्त झुरते, असं त्याला वाटायचं. तिला वाटायचं, ह्याचं बोलणं आटलं. दोन खोल्यांत, पोरीच्या अभ्यासात, शेजारच्यांच्या टीव्हीच्या आवाजात त्याला बोलता यायचं नाही. तो भिंतीला पाठ लावून बसायचा, चहा प्यायचा आणि चारला माघारी निघायचा. तो गेल्यावर त्याच्या शर्टाला चिकटून आलेलं कुसळ सतरंजीवर सापडायचं. ते ती लगेच टाकून द्यायची नाही.

हुरड्याच्या दिवसांत तो ओल्या फडक्यात हुरडा बांधून आणायचा. मोटारसायकलवर जमेल तेवढा झाकून. पण उदगीरला पोचेपर्यंत तो गार झालेला असायचा. अक्षरा आवडीनं खायची. अंबिका एक घास घ्यायची आणि म्हणायची, "रानातल्या आगटीवरचा गरम गरम असता तर."

सगळ्यात वाईट दिवस येळवसीचा. त्या अमावस्येला लातूर-उदगीरकडे घरात कोणी थांबत नाही. भज्जी, उंडे, आंबील डोक्यावर घेऊन सगळी माणसं रानात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, दिवसभर तिथंच जेवतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावून नेतात. पहिल्या वर्षी अंबिका हट्टाला पेटली. "एक दिवस. कोपीतनं हलणार न्हाई. अख्खा गाव रानात असतो, साप कशाला येतोय?"

"गवत लई हाय," महांतेश म्हणाला. त्याचा आवाज असा फाटला की तिनं पुन्हा विचारलं नाही.

तो अक्षराला घेऊन गेला. अंबिका दाराला कडी घालून गल्लीत आली. दुकानं बंद, रिक्षा बंद, घरोघर कुलपं. समोरच्या घरातली म्हातारी तेवढी अंथरुणाला खिळलेली होती, तिनं आतून हाक मारली, "कोण गं? गेली न्हाईस का तू?" अंबिका तिच्याजवळ जाऊन बसली. दोघींनी भज्जी खाल्ली. म्हातारी म्हणाली, "मला पाय न्हाईत. तुला काय झालं?" अंबिकानं सांगितलं. म्हातारी उशीवरची मान वळवून म्हणाली, "दुरून तरी दावायचं की." त्यानंतर दर येळवसीला अंबिका तिच्याकडेच जात राहिली, म्हातारी होती तोवर.

वर्षं अशी गेली. चन्नबसप्पा वारले. जायच्या आधी दवाखान्यात त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच सांगितलं होतं, "माझ्या पोरीला पेनिसिलिन देऊ नका." डॉक्टरांना वाटलं, ते बडबडतायत. अक्षरा बारावी झाली आणि नांदेडला कॉलेजात गेली, वसतिगृहात राहायला लागली. आता पोरीच्या शाळेचंही कारण उरलं नव्हतं. तरी महांतेश भाडं भरत राहिला आणि अंबिका राहत राहिली. संध्याकाळी ती गच्चीवर जायची. किल्ल्याच्या पलीकडे ज्या बाजूला देवणी, तिकडे बघत बसायची. दिसायचं काही नाही.

गेल्या माघात तिच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. अक्षरा म्हणाली, "मम्मी, नांदेडलाच करू, मी जवळ राहीन." शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर रुद्राणी मठपती. अंबिकापेक्षा थोड्या लहान असतील. महांतेश रक्ताचा रिपोर्ट आणायला खाली गेला होता, अक्षरा आईजवळ होती.

"कुठलं औषध चालत नाही असं काही आहे का?"

अंबिकानं सवयीनं सांगितलं, "पेनिसिलिन, सल्फा, आणि सापाची लस."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "एकेक सांगा. घाई नाही मला."

इतक्या सवडीनं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं. घसा, दुकानाची पायरी, अप्पांचा खांदा. मग ओठांवरचे फोड. मग घोणस. डॉक्टर मधेमधे विचारत होत्या. किती वेळानं खाज आली? श्वास अडकला होता का? चक्कर आली होती?

"आणि रिअॅक्शन आल्यावर ती लस बंदच केली का?"

"थांबवली. मांडीत सुई दिली. मग..." अंबिका आठवत थांबली. "मग परत चढवली. हळूहळू. लातूरला जाईस्तोवर चालूच होती."

"परत आली रिअॅक्शन?"

"न्हाई. थोडं खाजलं."

डॉक्टर मठपतींनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्याच लसीनं वाचलात तुम्ही. घोड्याच्या रक्तापासून तयार करतात ती. काहींच्या अंगाला सोसत नाही, तुमच्यासारखं होतं. पण विष चढत असेल तर लस द्यावीच लागते आणि देतातही. आधी तयारी ठेवायची, हळू द्यायची, काही झालं तर आवरायचं आणि पुन्हा द्यायची. पेनिसिलिन आणि सल्फा टाळाच. ह्याचं तसं नाही."

"मग पुन्हा डसला तर?"

"धोका आहे. इतरांपेक्षा जास्तच असेल. मोठ्या दवाखान्यात लवकर पोचायचं आणि आल्या आल्या हे सांगायचं. पण औषधच नाही, असं मुळीच नाही. कोण म्हणालं तसं?"

अंबिकानं अक्षराकडे बघितलं. अक्षराच म्हणाली, "त्यामुळं मम्मी शेतात जात नाही. मी तिसरीत होते तेव्हापासून."

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास अंबिकाच्या पुढं सरकवला.

महांतेश रिपोर्ट घेऊन वर आला, तेव्हा अक्षरानं जिन्यातच त्याला सगळं सांगितलं. ती आनंदात होती. तो खाटेपाशी आला, रिपोर्ट उशाखाली ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला.

"ऐकलं न्हवं?" अंबिका म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

"त्या बाईंनी तुला तवा बघितलं न्हाई. मी बघितलं."

"पण त्या शिकलेल्या हायत, अहो."

"असतील. माझ्या डोळ्यांचं काय करू?" तो म्हणाला आणि डबा आणतो म्हणून निघून गेला.

शस्त्रक्रिया नीट झाली. महांतेश तिला उदगीरला घेऊन आला आणि पंधरवडाभर तिथंच राहिला. इतके दिवस सलग ती दोघं कित्येक वर्षांत एका छपराखाली नव्हती. तो तिला भात मऊ शिजवून द्यायचा, गोळ्या स्वतः तपासून द्यायचा. शेताचा विषय दोघंही टाळत होती. एकदा तिनं काढला तर तो म्हणाला, "टाके तर वाळू दे." मग राशीचे, ज्वारीच्या मळणीचे दिवस आले आणि तो गेला.

चैत्र लागला. टाके वाळून गेले होते. एका सकाळी अंबिका बाजारात गेली, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले, पिशवीत घातले आणि देवणीची गाडी धरली. देवणीला उतरून टमटममधून सावरनाळच्या फाट्यावर आली. गावात न जाता सरळ ओढ्याच्या वाटेनं निघाली. ओढा कोरडा होता. वाळूत बसून तिनं चपला काढून बूट चढवले. छाती धडधडत होती, पण ती सापाच्या भीतीनं नव्हे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना असंच झालं होतं.

ओढा चढून ती वर आली आणि थांबली. आपण वाट चुकलो, असं तिला वाटलं. मागं वळून तिनं ओढ्याचं वळण बघितलं. वळण तेच होतं. पलीकडे सटवाजीची विहीर दिसत होती, तीही तीच. पण मधलं रान तिच्या ओळखीचं नव्हतं. बांध उघडाबोडका होता. एक झुडूप नाही, एक तरवड नाही, गवताची काडी नाही. दगडांचा ढीग जिथं होता तिथं सपाट माती. आखाड्यापासून, म्हणजे शेतातल्या छपरापासून, त्यांच्या विहिरीपर्यंत फरशी अंथरलेली पायवाट. चारी बाजूंनी जमीन अशी खरवडलेली, की मुंगी चालली तरी दिसावी.

महांतेश आखाड्याच्या सावलीत एकटाच भाकरी खात बसला होता. तिला बघून तो उठला. हात धुवायचंही त्याला सुचलं नाही.

"कशी आलीस?"

"गाडीनं." ती बांधाकडे बघत होती. "माझी बोर कुठं हाय?"

तो पायानं माती सपाट करायला लागला.

"अहो, दगड कुठं गेले सगळे?"

"काढले."

"कवा?"

"तू गेलीस त्याच साली सुरू केलं. ट्रॅक्टरनं न्हेऊन ओढ्यापल्याड टाकले. मग झुडपं. दर साली थोडं थोडं." तो हातातल्या भाकरीकडे बघत बोलत होता. "दगडात जनावर बसतंय. बोरीच्या बुडाला बीळ असतंय. गवत तर... म्हणलं सगळं साफ करू. रान असं करू की जनावर लपायला जागाच राहू नये. मग तुला आणता येईल."

अंबिका फरशीवर बसली.

"मला आणायला?"

"हाव. मग काय म्हणून?"

"मग आणलं का न्हाई?"

"दर साली वाटायचं, ह्या साली आणू. येळवसीच्या आधी सगळं फिरून बघायचो. कुठंतरी एखादं बीळ दिसायचंच. एखादा दगड राहिलेला. म्हणायचो, एवढं झालं की आणू. पुढच्या साली आणू." त्यानं डोळे पुसले, हाताला लागलेलं कालवण कपाळाला लागलं. "रान सरतच न्हाई, अंबिका. किती साफ केलं तरी मला वाटायचं, हाय अजून कुठंतरी."

तिला राग आला होता. गाडीत बसल्यापासून, खरं तर नांदेडपासूनच ती रागावण्याची तयारी करत होती. बारा वर्षं, असं म्हणायचं तिनं ठरवलं होतं. पण समोर कपाळाला कालवण लागलेला हा माणूस, आणि त्याच्यामागं त्यानं एकट्यानं बोडकं केलेलं रान. त्या रानासाठी ती रोज संध्याकाळी गच्चीवर बसली होती, आणि ते कधीचंच संपलं होतं. ती रडली. तो जवळ येऊन बसला, हात कुठं ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी त्यानं तिच्या बुटाच्या टोकावर हात ठेवला.

"बूट बरे हायत," तो म्हणाला.

"उदगीरला मिळतेत. तुम्हालाबी आणते."

संध्याकाळी ती गावात घरी गेली. नागम्माला आता कमी दिसायचं. तिनं अंबिकाचा हात चाचपून ओळखला आणि म्हणाली, "आलीस बाई? जरा राहतीस का?" अंबिका म्हणाली, "राहते की."

उदगीरच्या खोल्या वैशाखात सोडल्या. महांतेश तयार झाला तो एकदम नव्हे. आधी त्यानं अक्षराला नांदेडच्या डॉक्टर मठपतींना फोन लावायला सांगितलं, तेच तेच प्रश्न स्वतः विचारले, लातूर-उदगीरचे कुठले दवाखाने रात्रीसुद्धा उघडे असतात ते विचारून घेतलं. अक्षरानं त्याच्या मोबाइलमध्ये सगळं भरून दिलं. तरी पहिला महिनाभर तो काठी घेऊन अंबिकाच्या पुढं चालायचा, जमिनीवर ठकठक करत. ती त्याच्या मागून बूट वाजवत जायची. तिला पूर्वीएवढं वाकवत नव्हतं. उन्हानं डोकं दुखायचं. नळाच्या पाण्याची, उदगीरच्या गल्लीची सवय झालेली, ती मधेच आठवायची.

आणि बोलणं लगेच परत आलं नाही. दुपारी दोघं आखाड्याच्या सावलीत भाकरी घेऊन बसायची आणि पाच वाक्यांत सगळं संपायचं. रविवारच्या सवयीनं दोघांचीही बोलणी लहान झाली होती. माणसं तीच, भाकरी तीच. अंबिकाला नवल वाटायचं, की शेतात बसून आपल्याला शेताचीच आठवण येते.

आषाढात पेरणी उरकल्यावर एका दुपारी तिनं ते त्याला सांगून टाकलं. "मी हितं बसलेय आन् मला हितलीच आठवण येतीय. वेड लागलं का मला?"

महांतेशनं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "मलाबी येती."

"तुम्हाला काय झालं? तुम्ही तर हितंच होता."

"म्हणून तर." तो उठला आणि बांधाकडे चालायला लागला. ह्या वेळी काठी न्यायला विसरला. ती मागून गेली. पावसानं बांधावर बारीक हिरवं फुटलं होतं, नुसती लव. त्यानं एका जागी पाय रोवला.

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या साली हितं हिवर उगवला होता. आपसूक. माझ्या खांद्याएवढा झाला. त्यात होल्यानं घरटं केलं. पिल्लं उडून जाईस्तोवर मी थांबलो, मग तोडला." तो पुढं सरकला. "हितं एकदा रानडुकरांनी लई नासधूस केली. सटवाजी आन् मी चार राती जागलो. सटवाजी भुताच्या गोष्टी सांगायचा, मला तुझी आठवण यायची. म्हणलं, तू असतीस तर हसली असतीस."

"कसली भुतं?"

"त्याच्या विहिरीतलं. पाटलिणीचं."

"विहिरीत? ती पाटलीण तर पुण्याला हाय म्हणत्यात."

"तेच मी म्हणलो त्याला!" महांतेश हसला, आणि किती वर्षांनी हसतोय हे त्याचं त्यालाच कळलं नसावं. "ऐक तर. तो म्हणतो, भूत हितं हाय, पाटलीण पुण्याला."

अंबिका बांधावर बसली. पदर सावरून, बूट पुढं पसरून. साडी ओल्या मातीनं भरेल, हे तिच्या मनातही आलं नाही. "बसा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. एकबी साल गाळू नका."

तो तिच्याशेजारी बसला आणि सांगायला लागला.